मुलाच्या हाडात सिस्ट निघालीय? बारीक छिद्रातून होणाऱ्या उपचाराची पहिल्या एक्स-रेपासूनची माहिती

बहुतेक घरांत हे असंच कळतं. पोरगं खेळताना साधंच पडतं, ज्या पडण्यानं फार तर खरचटलं असतं त्यानं दंडाचं हाड मोडतं, आणि एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात की फ्रॅक्चर तर आहेच पण त्या जागी हाड आधीपासून पोकळ होतं, सिस्ट आहे. संध्याकाळपर्यंत 'हाडात गाठ' हे सगळ्या नातेवाइकांत फिरलेलं असतं आणि रात्री आई-बाप मोबाईलवर कॅन्सर शोधत बसलेले असतात. मी ऑर्थोपेडिक विभागात काम करतो आणि तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. तुमच्या मुलाचा निर्णय तुमच्या सर्जननंच घ्यायचाय, हे फक्त त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि पुढं काय काय होणार ते कळावं म्हणून.

सगळ्यात जास्त गैरसमज एका गोष्टीचा असतो. एक-दोन टाके, दुसऱ्या दिवशी घरी, म्हणजे विषय संपला असं वाटतं. तसं नाहीये. छिद्र बारीक असतं पण त्यानंतरची वाट बघणं वर्ष-दोन वर्षांचं असतं, आणि कधी कधी तेच परत करावं लागतं. हे आधी माहीत असलं की मधेच घाबरून तिसरा-चौथा डॉक्टर शोधायची वेळ येत नाही.

पहिली पायरी: कुठली सिस्ट आहे ते पक्कं करा

मुलांत मुख्य दोन प्रकार. पहिली साधी सिस्ट, रिपोर्टवर यूबीसी (युनिकॅमरल बोन सिस्ट) किंवा सिंपल बोन सिस्ट असं लिहितात. आत फिकट पिवळसर पातळ पाणी असतं, भोवतीचं हाड पातळ होत जातं. मुलींपेक्षा मुलांत साधारण दुप्पट, शाळकरी वयात, आणि बहुतेक वेळा खांद्याजवळ दंडाच्या हाडात नाहीतर खुब्याजवळ मांडीच्या हाडात. टाचेच्या हाडातही सापडते, ती तर बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत दिसते. ही कॅन्सर नाही आणि पुढं कॅन्सर होत नाही. दुसरी ॲन्युरिझमल बोन सिस्ट, एबीसी. हिच्यात रक्तानं भरलेले कप्पे असतात, ती हाड फुगवत वाढते, दुखते, सूज दिसते. हीसुद्धा कॅन्सर नाही पण स्वभावानं जास्त आक्रमक, आणि हिच्याबाबतीत एक मोठी सावधगिरी आहे ती पुढं सांगतो.

साधी सिस्ट ओळखायला बऱ्याचदा दोन बाजूंनी काढलेला चांगला एक्स-रे पुरतो. फ्रॅक्चर झालेलं असेल तर कधी कधी हाडाचा एक बारीक कपचा सिस्टच्या तळाशी जाऊन बसलेला दिसतो. आत पाणी आहे म्हणूनच तो खाली पडू शकला, त्यामुळं हे चिन्ह दिसलं की डॉक्टर बरेच निर्धास्त होतात. तुम्हीही फिल्म खिडकीला धरून बघा, कपचा असला तर दिसेल.

एमआरआय सरसकट लागत नाही. जागा विचित्र असेल, हाड फुगलेलं असेल, मणका किंवा कंबरेचं हाड असेल, दुखणं फ्रॅक्चरच्या मानानं जास्त असेल तेव्हा करतात. एबीसीमध्ये एमआरआयवर कप्प्याकप्प्यात द्रवाचे आडवे थर दिसतात. सोबत सीबीसी, ईएसआर, सीआरपी, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर वैतागू नका. आपल्याकडं हाडाचा टीबी आणि जुनं इन्फेक्शन हे दोन्ही एक्स-रेवर सिस्टसारखं सोंग घेऊ शकतात.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, हाताला लागणारी वाढती गाठ, ताप, वजन घटणं यातलं काही असेल, किंवा रिपोर्टमध्ये हाडाच्या बाहेर मांसात काहीतरी पसरलंय असं असेल, तर छोट्या छिद्राचा विचार नंतर, आधी हाडांच्या ट्यूमरचं काम करणाऱ्या सेंटरला दाखवा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल त्यासाठी आहेच.

दुसरी पायरी: फ्रॅक्चर असेल तर आधी ते जुळू द्या

दंडाचं हाड सिस्टमधून मोडलं असेल तर बहुतेकदा घाई नसते. गळ्यात झोळी किंवा आर्म पाऊच, चार ते सहा आठवडे, आणि हाड जुळतं. सिस्ट आहे म्हणून हाड जुळणार नाही अशी भीती असते, पण फ्रॅक्चर नेहमीसारखंच जुळतं, राहते ती सिस्ट. फ्रॅक्चरमुळं सिस्टही आपोआप भरून गेली असं १०० मधल्या जेमतेम १०-१५ मुलांत होतं.

या काळात हात हाडवैद्याकडं नेऊन चोळून घेऊ नका. मला त्या लोकांच्या हातगुणावर वाद घालायचा नाही, पण आधीच अंड्याच्या कवचाएवढ्या जाडीचं राहिलेलं हाड मालीश करून घ्यायची जागा नव्हे. कॅल्शियमच्या गोळ्या, हळद-दूध यानं सिस्ट भरत नाही. डी व्हिटॅमिन कमी असेल तर ते जरूर भरून काढा, पण तो वेगळा हिशोब.

मांडीच्या हाडाची गोष्ट वेगळी. खुब्याजवळच्या सिस्टवर शरीराचं वजन येतं, आणि तिथं मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, हाड वाकडं जुळू शकतं. मूल लंगडतंय किंवा जांघेत दुखतंय म्हणत असेल तर फ्रॅक्चर व्हायच्या आधीच दाखवा. खुब्याचं दुखणं मुलं पुष्कळदा गुडघ्यात सांगतात, आणि मग गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो आणि सगळे निवांत होतात, म्हणून हे लक्षात असू द्या.

तिसरी पायरी: करायचं की थांबायचं

प्रत्येक सिस्टला सुई घालायची गरज नसते. साधी सिस्ट वाढ पूर्ण झाल्यावर बहुधा आपसूक निवते, मोठ्या माणसांत ती क्वचितच दिसते. म्हणजे आपण खरं तर मधल्या वर्षांत हाड मोडू नये यासाठी झगडतोय. सर्जन काय काय बघतात: कुठलं हाड (पायाचं असेल तर कल उपचाराकडं), सिस्टनं हाडाची रुंदी किती व्यापलीय, भोवतीची भिंत किती उरलीय, आधी मोडलंय का, मूल किती उड्या मारणारं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रोथ प्लेटपासून सिस्ट किती लांब आहे. हाड जिथून लांबीला वाढतं ती ही प्लेट. सिस्ट तिला चिकटून किंवा सेंटीमीटरभराच्या आत असेल तर ती 'ॲक्टिव्ह', म्हणजे अजून वाढण्याच्या मूडमध्ये, आणि उपचारानंतर परत होण्याची शक्यता जास्त. मूल दहाच्या आत असेल तर अजून जास्त. प्लेटपासून लांब सरकलेली सिस्ट त्या मानानं शांत.

टाचेतली किंवा दंडातली लहान, न दुखणारी सिस्ट असेल आणि डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी एक्स-रे काढू, तर तो टाळाटाळीचा सल्ला नसतो. उलट प्रत्येक सिस्ट दिसली की लगेच ओटीची (ऑपरेशन थिएटरची) तारीख देणाऱ्यांबद्दल मला जरा शंका येते.

चौथी पायरी: छिद्रातून नक्की काय काय करतात

लोक याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात, पण बहुतेक वेळा दुर्बीण नसतेच. सी-आर्म नावाचं एक्स-रेचं मशीन असतं, त्याच्या स्क्रीनवर बघत सुई किंवा बारीक हत्यार हाडात नेतात.

सगळ्यात जुनी पद्धत स्टेरॉइडच्या इंजेक्शनची. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या स्कॅलिएट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तिचे निकाल छापले आणि तोवर हाड उघडून खरवडणं हाच रिवाज होता तो बदलला. मिथाइलप्रेडनिसोलोन सिस्टमध्ये सोडतात. स्वस्त, सोपं, पण एकदा देऊन क्वचित भागतं, दोन-तीन महिन्यांच्या अंतरानं परत परत द्यावं लागतं आणि दर वेळी भूल. मग कुणी म्हणालं मुलाच्या कंबरेच्या हाडातला मगज (बोन मॅरो) काढून तोच सिस्टमध्ये सोडू. ऐकायला फार छान वाटतं, पण २००८ मध्ये छापलेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीत चिठ्ठी टाकून मुलं दोन गटांत वाटली तेव्हा स्टेरॉइडनं ४२ टक्के सिस्ट भरल्या आणि मगजानं २३ टक्केच. म्हणजे स्टेरॉइड जिंकलं, तरी निम्म्याहून जास्त मुलांचं काम झालं नाहीच. हा आकडा डोक्यात ठेवला तर 'एका इंजेक्शनात बरं करतो' असं कुणी म्हणालं की काय विचारायचं ते कळेल.

दुसरी पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आधी निवडतात: सिस्ट रिकामी करणं, आतलं अस्तर खरवडणं, सिस्ट आणि हाडाची मुख्य नळी यांच्यातला पडदा फोडणं आणि मग कृत्रिम बोन ग्राफ्ट, म्हणजे पोकळीत भरायचं हाडाच्या जागेचं साहित्य, भरणं. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या टीमनं २००५ मध्ये ही रीत मांडली, कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या वापरून. कॅल्शियम सल्फेट म्हणजे रसायन म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिसच, फक्त शरीरात वापरायच्या दर्जाचं. काही महिन्यांत ते विरघळतं आणि त्या जागी मुलाचं स्वतःचं हाड येतं, यावंच लागतं. पडदा फोडण्यामागचा विचार असा की सिस्टमधल्या द्रवाचा निचरा तुंबलेला असतो, आत दाब राहतो, तो दाब गेला की हाडाला भरायची संधी मिळते.

तिसरी पद्धत टेन्स नेलची, म्हणजे टायटॅनियमच्या लवचीक सळया. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या सर्जननी त्या मुलांच्या फ्रॅक्चरसाठी रुळवल्या. दंडाच्या सिस्टसाठी कोपराच्या वर बाजूला छोटा छेद देऊन दोन सळया वर सिस्टमधून पार नेतात. फायदा दुहेरी, हाडाला आतून आधार मिळतो म्हणून हात लवकर हलवता येतो, आणि सळई पडदा फोडून गेलेली असल्यानं निचरा चालू राहतो. तोटा म्हणजे सळईची टोकं कोपराजवळ टोचू शकतात आणि नंतर त्या काढायला परत ओटी. मांडीच्या हाडात, विशेषतः खुब्याच्या मानेजवळ, सळयांऐवजी किंवा सोबत स्क्रू-प्लेट लागू शकते, मग ते काम 'छोटं' राहत नाही आणि तसा हट्टही धरू नये.

एबीसीसाठी हिशोब वेगळा

इथं ती सावधगिरी. टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा नावाचा एक दुर्मिळ पण खरा कॅन्सर एमआरआयवर अगदी एबीसीसारखा दिसू शकतो. म्हणून एबीसीमध्ये कुठलंही औषध सोडायच्या आधी तुकडा काढून बायोप्सी झालीच पाहिजे, आणि रिपोर्ट हाडांच्या ट्यूमरची सवय असलेल्या पॅथॉलॉजिस्टनं बघितलेला असावा. हे एकच वाक्य या लेखातून लक्षात राहिलं तरी चालेल.

रिपोर्ट साफ आल्यावर सिस्टच्या कप्प्यांत पॉलिडोकॅनॉल सोडता येतं, पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरतात तेच औषध. दिल्लीच्या एम्सच्या सर्जननी ७२ रुग्णांचा लांब फॉलोअप असलेला अनुभव २००६ मध्ये छापला, सरासरी तीन इंजेक्शनं लागली होती. म्हणजे ही काही परदेशातून ऐकून माहीत असलेली गोष्ट नाही, आपल्या देशात भरपूर झालेलं काम आहे. त्रासही असतात: कातडीचा रंग जाणं, जखम होणं, क्वचित गंभीर ॲलर्जी, म्हणून हे ओपीडीच्या टेबलावर नाही तर भूल आणि मॉनिटर असलेल्या ठिकाणीच. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सोडण्याचीही पद्धत आहे, तिथंही बऱ्याच खेपा होतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या टीमनं बायोप्सी घेतानाच आतून जमेल तेवढं खरवडायचं आणि मग बघायचं असं केलं, आणि त्यावरही बऱ्याच एबीसी बऱ्या झाल्या. कंबरेच्या किंवा मणक्याच्या एबीसीत रक्तवाहिनीतून जाऊन पुरवठा बंद करतात. डेनोसुमॅब या हाडाची झीज रोखणाऱ्या इंजेक्शनचं नाव वाचलं असेल तर एवढंच, मुलांत ते थांबवल्यावर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळं ते अगदी अवघड केससाठी आणि अनुभवी टीमच्याच हातात.

पाचवी पायरी: तारीख घेण्याआधी हे विचारा

वहीत लिहून न्या, समोर बसल्यावर सुचत नाही. सिस्ट ग्रोथ प्लेटपासून किती अंतरावर आहे? तुम्ही यातली कुठली पद्धत करणार आणि हीच का? आत पाण्याऐवजी मांसाळ काही लागलं तर काय कराल? (योग्य उत्तर: थांबू, तुकडा पाठवू, रिपोर्ट आल्यावर बघू.) बायोप्सी पाठवणार ना? सळई घातली तर कधी काढणार? परत करायची वेळ साधारण किती जणांवर येते तुमच्याकडं? शेवटच्या प्रश्नावर चिडणारा सर्जन असेल तर दुसरं मत घ्यायला काही हरकत नाही, फाईल उचलायची आणि जायचं.

पैशाचंही तेव्हाच बोला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुमच्या मुलाची नेमकी प्रोसिजर कुठल्या पॅकेजमध्ये बसते आणि ते हॉस्पिटल त्या पॅकेजला मान्य आहे का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या (योजनेची मदत करणाऱ्या माणसाच्या) टेबलावर आधी विचारा, रेशन कार्ड आणि मुलाचं आधार घेऊन. रेशन कार्डावर मुलाचं नाव चढवायचं राहिलेलं असतं हे तर दर दुसऱ्या घरात. मेडिक्लेम असेल तर डे-केअरचा नियम बघा, २४ तासांच्या आत डिस्चार्ज झाला म्हणून क्लेम अडकवतात. गोव्यातल्या लोकांनी बांबोळीच्या जीएमसीत विचारावं.

सहावी पायरी: ऑपरेशनचा दिवस

भुलेसाठी उपाशी ठेवतात, जेवण-दूध साधारण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तीच. आजी लोकांना सांगून ठेवा, 'एक बिस्किट तर दिलं' म्हणून केस पुढं गेलेल्या आहेत. सर्दी-खोकला-ताप असेल तर लपवू नका.

आत काय होतं ते ऐका. मूल झोपल्यावर सी-आर्मवर जागा धरतात, कातडीतून एक जाड सुई पातळ झालेल्या भिंतीतून आत. सिरिंज ओढली की साध्या सिस्टमध्ये पिवळसर पाणी येतं, नुकतं फ्रॅक्चर झालेलं असेल तर लालसर. ते दिसलं की टीममधले सगळे जरा सैलावतात. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारं औषध, सोडतात आणि स्क्रीनवर सिस्टचा आतला आकार काळा होत भरत जातो, कप्पे असतील तर एक कोपरा कोराच राहतो, तिथं दुसरी सुई घालावी लागते. त्यानंतर छेद सेंटीमीटरभर वाढवून वाकडी क्युरेट (खरवडायचं चमच्यासारखं हत्यार) आत, अस्तर खरवडून बाटलीत पॅथॉलॉजीला, वायरनं पडदा फोडायचा, धुवायचं, ग्राफ्ट भरायचं. ग्रोथ प्लेटच्या बाजूला हात अगदी जपून चालवतात, म्हणून तिथं थोडं अस्तर राहू शकतं, आणि परत सिस्ट होण्याचं ते एक कारण. एक-दोन टाके आणि ड्रेसिंग. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

सातवी पायरी: घरी आल्यावर

पहिले दोन दिवस दुखतं, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणं. कॅल्शियम सल्फेट भरलं असेल तर जखमेतून काही दिवस पाण्यासारखा पांढुरका स्राव येऊ शकतो, पू नसतो, पण ड्रेसिंग भिजत असेल तर फोटो काढून बसू नका, नेऊन दाखवा. ताप, वाढती लाली, घाण वास, बोटं बधिर किंवा थंड पडणं, मनगट उचलता न येणं यातलं काहीही असेल तर रविवार असला तरी फोन करा.

दंडाला साधारण महिनाभर झोळी, मग हळूहळू हालचाल. खुब्याला असेल तर त्या पायावर वजन कधी टाकायचं ते सर्जनच सांगणार, तोवर वॉकर किंवा व्हीलचेअर, लहानग्याला कधी कमरेपासूनचं प्लास्टर. शाळेत पीटी सरांना चिठ्ठी द्याच. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, गल्लीतली दहीहंडी हे सगळं एक्स-रेवर भिंत जाड दिसेपर्यंत बंद, आणि हे मुलाला नुसतं 'नको' म्हणून नाही तर फिल्म दाखवून सांगा, आठ-दहा वर्षांच्या पोराला ते नीट कळतं. पोहणं बहुतेक वेळा लवकर परत सुरू करता येतं, जखम वाळल्यावर, विचारून.

आठवी पायरी: फॉलोअप, आणि इथंच सगळे गळतात

साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि पुढं वर्षातून एकदा. सुरुवातीच्या एक्स-रेत ग्राफ्ट पांढरं शुभ्र दिसतं आणि लोक खूश होतात, पण ते भरलेलं साहित्य आहे, हाड नाही. दोन-तीन महिन्यांनी ते विरघळून काळपट दिसायला लागलं की त्याच लोकांना वाटतं सिस्ट परत आली. दोन्ही वेळा घाई. सर्जन बघतात की कडेची भिंत जाड होतेय का, आत नवी हाडाची रेघोटी येतेय का, आणि रिकामी जागा वाढतेय की आहे तेवढीच आहे. थोडीशी पोकळी कायम उरली पण भिंत भक्कम आहे, तर तोही चांगलाच निकाल, तिच्या मागं लागायचं नसतं.

सगळ्या फिल्म तारखेसकट जपा, सीडी मागून घ्या, व्हॉट्सअपवरचा ट्यूबलाईटला धरून काढलेला फोटो तुलनेला कामाचा नाही. बायोप्सीच्या रिपोर्टवरचा स्लाइड नंबरही जपून ठेवा, पुढं दुसरं मत घ्यायचं झालं तर ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, तोच नंबर सांगून मिळतो. जागा प्लेटजवळची असेल तर दोन्ही हातांची किंवा पायांची लांबीही वर्षातून एकदा मोजून घ्या, कारण सिस्टमुळं किंवा फ्रॅक्चरमुळं वाढ थोडी मागं पडू शकते. हात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर कमी राहिला तर रोजच्या कामात फरक पडत नाही, पायाचं मात्र लवकर कळलेलं बरं.

परत वाढताना दिसली तर तीच प्रोसिजर परत होऊ शकते, किंवा इंजेक्शनवरून सळईवर जातात. दुसरी खेप म्हणजे पहिली फसली असं नसतं, लहान वयातल्या प्लेटला चिकटलेल्या सिस्टमध्ये तर ती धरूनच चालायचं. सळया घातल्या असतील तर सिस्ट भरेपर्यंत ठेवतात, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. मधल्या काळात मूल उंच होतं आणि सळईचं वरचं टोक सिस्टच्या खाली राहायला लागतं, तेव्हा ती बदलावी लागू शकते. भरल्यावर काढणं सोपं असतं, जुन्याच छेदातून, पण तेव्हाही भूल लागते आणि परत काही आठवडे मैदान बंद, त्यामुळं तारीख परीक्षा संपल्यावरची मागून घ्या, मे महिन्यात ओटीच्या याद्या भरलेल्या असतात म्हणून मार्चमध्येच.